‘एकदाच वापरलेल्या’ सॅडलच्या मालकांस

अश्वविद्याविशारद, चर्मकलाधुरंधर, श्रीमान विक्रेते महोदय यांच्या सेवेशी,



मागच्या रविवारी आपण आम्हां मायलेकींना बंगल्याच्या पोर्चपर्यंत येऊ दिलंत, याबद्दल आधी आभार मानते. आमच्यासोबत तबेल्यातले मामा होते, त्यांनाही आपण ‘ए बाबा, हात लावू नको, महाग वस्तू आहे’ असं प्रेमानं बजावलंत. मामांची उमेदीची वर्षं जयपूरच्या ६१ कॅव्हलरीत घोड्यांच्या पाठी सांभाळण्यात गेली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना सॅडलपासून लांब राहायला सांगितलं. त्यांना हा अनुभव फार नवा होता.

आपली जाहिरात मी जपून ठेवली आहे. ‘इम्पोर्टेड इंग्लिश जंपिंग सॅडल, एकदाच वापरलेली, कुठल्याही घोड्याला बसते.’ एका ओळीत चार थापा बसवायच्या आणि वाचणाऱ्याला दाटीसुद्धा जाणवू द्यायची नाही, याला कसब लागतं. आम्ही शाळेत सारांशलेखनाला पाच गुणांसाठी झटत होतो. तेव्हा आपण कुठे होतात?

किंमत सांगण्याआधी आपण आमचं बजेट विचारलंत, हा तर निव्वळ सौजन्याचा कळस. मी पस्तीस हजार म्हटलं. आपण क्षणभर डोळे मिटलेत आणि नेमकी तेवढीच किंमत आपल्याला आठवली. वर ‘नव्या फ्रेंच सॅडलला लाखांत मोजावे लागतात ताई’ अशी आमची समजूतही घातलीत. ते खरंच आहे. म्हणून तर आमच्यासारखी माणसं जुनं शोधत फिरतात. चांगल्या कारागिराच्या हातची, नीट राखलेली पंधरा-वीस वर्षांची सॅडल नव्या स्वस्त सॅडलपेक्षा केव्हाही सरस. चामडं मुरलेलं असतं आणि घसारा पहिल्या मालकानं सोसलेला असतो. आपण तो घसाराही आमच्याकडूनच वसूल करायला निघालात, ही दूरदृष्टी वेगळीच.

‘इम्पोर्टेड’बद्दल विशेष आभार. ‘वॉल्सॉलची आहे, इंग्लंड’ हे आपण ज्या अभिमानानं सांगितलंत त्यानं मी गहिवरले. वॉल्सॉल हे खरंच सॅडलवाल्यांचं गाव. तिथल्या फुटबॉल क्लबलाही ‘सॅडलर्स’ म्हणतात. पण आपल्या सॅडलच्या फ्लॅपखाली जिथे कंपनीचा शिक्का असतो, तिथलं चामडं कुणीतरी पॉलिश पेपरनं घासून काढलं होतं, आणि जे शिल्लक राहिलं होतं त्यात ‘..NPUR’ एवढं लेकीनं वाचलं. अहो, त्यात लाजायचं काय होतं? कानपूरची सॅडलरी जगभर जाते, तिला भौगोलिक मानांकन आहे. कानपूर म्हणाला असतात तर आम्ही आदरानंच पाहिली असती. आपण कानपूरच्या मालाला वॉल्सॉलचं नाव देऊन एकाच दमात दोन्ही गावांचा मान राखलात.

आता ‘जंपिंग’कडे वळते. इथे आपण आम्हाला इतिहासही शिकवलात. ‘ही इंग्रजांची विद्या.’ कसं सांगू? इंग्लिश सॅडलवरच्या आजच्या उडीची बैठक घडवली फेदेरिको काप्रिल्ली या इटालियन घोडदळ अधिकाऱ्यानं. १८६८ ते १९०७ एवढंच त्याचं आयुष्य. त्याच्या आधीचे स्वार लांब रिकिबी घेऊन, अडथळ्यावर मागे रेलून, लगाम ताणून घोड्याच्या तोंडाची वाट लावत उड्या मारायचे. काप्रिल्लीनं रिकिबी आखूड केल्या, वजन पुढे घेतलं, घोड्याला पाठ आणि मान मोकळी सोडली. आखूड रिकिबीनं गुडघा पुढे येतो, म्हणून जंपिंग सॅडलचा फ्लॅप पुढे झुकलेला असतो आणि बैठक उथळ असते. आपल्या सॅडलचा फ्लॅप सरळ खाली, लांबलचक, आणि बैठक अशी खोल की एकदा आत बसलेला माणूस चौकशीशिवाय बाहेर येऊ नये. महोदय, याला ड्रेसाज, म्हणजे उडीची नव्हे तर घोड्याच्या कवायतीची, सॅडल म्हणतात. लेकीनं रिकिबी उडीसाठी आखूड केल्या तेव्हा तिचे दोन्ही गुडघे फ्लॅपच्या पुढे हवेत आले. आपण म्हणालात, ‘मुलगी वाढेल, मग बसेल.’ पाय आणखी लांब झाल्यावर गुडघे आत कसे येणार, हे कोडं आमच्या घरी अजून चालू आहे.

मला वाटलं होतं, आपण हे अजाणता केलंत. मग आपण ‘हांगझोऊला भारताला सुवर्ण मिळालं ते अशाच सॅडलवर’ असं म्हणालात. आशियाई स्पर्धांतलं ते २०२३ मधलं सांघिक सुवर्ण ड्रेसाजचंच होतं. म्हणजे सत्य आपल्या तोंडून निसटलं, एवढंच. अशा अपघातांपासून जपा.

माप घेण्याची आपली पद्धतही नोंदवून ठेवण्याजोगी. बैठकीचं माप पुढच्या बाजूच्या गोल खिळ्यापासून मागच्या काठाच्या मध्यापर्यंत सरळ रेषेत घेतात. आपण टेप पुढच्या टोकापासून सुरू केलीत, खोलगट बैठकीतून सावकाश फिरवलीत आणि साडेसतरा इंच जाहीर केलेत. कापडाच्या दुकानात आपण असतात तर गिऱ्हाइकांची चंगळ झाली असती.

एवढं होईपर्यंत आमचे मामा गप्प होते. मग त्यांनी आपली परवानगी न घेता सॅडल उचलली, त्याबद्दल त्यांच्या वतीनं मी माफी मागते. सॅडलच्या पोटात ट्री नावाचा सांगाडा असतो. परंपरेनं तो बीच लाकडाच्या पातळ थरांचा, स्टीलच्या पट्ट्यांनी बांधलेला असतो, हल्ली कृत्रिमही येतो. स्वाराचं वजन घोड्याच्या कण्यावर न पडता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरावं, हे त्याचं काम. बाकी सगळं चामडं, शिवण, चकाकी ही त्या सांगाड्यावरची वस्त्रं. मामांनी पुढचा उंचवटा मांडीवर टेकवला, मागचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि स्वतःकडे ओढला. शाबूत ट्री किंचित दबते आणि सोडताच जागेवर येते. आपली सॅडल मधोमध वाकली, बैठकीच्या चामड्यावर आडवी सुरकुती उठली आणि आतून ‘कर्र’ असा आवाज आला. मामांनी पुन्हा ओढली. पुन्हा कर्र.

त्यावर आपण म्हणालात, ‘नवं चामडं आहे, आवाज करणारच.’ दहाच मिनिटांपूर्वी आपण हीच सॅडल ‘आमच्या वडिलांच्या काळातली’ म्हणून सांगितली होती. वडिलांच्या काळातलं नवं चामडं जपून ठेवणारं घराणं विरळाच.

मोडलेली ट्री दुरुस्त करायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात बऱ्याचदा दुसरी सॅडल येते. हे आपल्याला माहीत असणारच, नाहीतर आपण ती विकायला कशाला काढली असती?

तंग, म्हणजे सॅडल घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, ज्यांना लावतात त्या पट्ट्यांबद्दलही ऋणी आहे. प्रत्येक बाजूला तीन पट्टे असतात. सहसा पुढचा एक वेगळ्या नवारीला शिवलेला असतो आणि मागचे दोन एकाच नवारीला. म्हणून तंग पुढच्या पट्ट्याला आणि मागच्या दोहोंपैकी एकाला लावायचा, म्हणजे एक नवार तुटली तरी दुसरी सॅडल धरून ठेवते. आपण पुढचा पट्टा काढून तिथे पँटचा कमरपट्टा शिवून घेतला होता. बक्कलाची भोकं तशीच होती. एका टोकाला कंपनीचं नावही होतं. सबंध सॅडलवर खरं नाव तेवढंच सापडलं.

रिकीब अडकवायच्या लोखंडी पट्टीवर एक खटका असतो. स्वार पडला आणि पाय रिकिबीत अडकला तर चामडी पट्टा मागे सरकून सुटावा, म्हणून तो खटका सपाट, उघडा ठेवतात. आपला खटका गंजून वर उभा राहिला होता. ‘बरंच आहे, रिकीब पडायची नाही,’ असं आपण म्हणालात. महोदय, रिकीब पडायची नाही हे खरं. पडलेली पोर मात्र पळत्या घोड्यामागे फरफटत जाईल. माझी लेक चौदा वर्षांची आहे. या एका वाक्याबद्दल आभार कसे मानायचे ते मला सुचत नाही, म्हणून पुढच्या मुद्द्याकडे जाते.

‘कुठल्याही घोड्याला बसते.’ लेक ज्याच्यावर शिकते तो पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड आहे. शर्यतीत त्यानं मालकांना फारसा त्रास दिला नाही, बहुधा शेवटीच यायचा. त्याचे विदर्स, म्हणजे मानेच्या मुळाशी असलेला खांद्याचा उंचवटा, चांगलेच उंच आहेत. स्वार बसल्यावरही त्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं मोकळी राहावी लागतात, सॅडलखालची मधली खाच कण्याला कुठेही शिवता कामा नये, आणि सॅडल शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. आपण उपाय सुचवलात, ‘खाली दोन जाड नमदे घाला.’ बूट चावतो म्हणून त्यात दोन मोजे जास्त घालायला सांगण्यातला हा प्रकार. सॅडलखालच्या गाद्यांतल्या लोकरीचंही तेच. डावी गादी कडक गोळ्यांची, उजवी पोकळ, आणि उसवलेल्या शिवणीतून जुन्या बनियनचं टोक डोकावत होतं. खोगीरभरती म्हणतात ती आम्ही आजवर सरकारी समित्यांत पाहिली होती. प्रत्यक्ष खोगिरात पहिल्यांदाच पाहिली.

ट्रायल मागितली तर आपण दुखावलात. ‘आधी पैसे, मग ट्रायल, घासली गेली तर?’ अहो, पातळ स्वच्छ कापड घालून वीस मिनिटं चालवायची आणि उतरून घामाचा ठसा पाहायचा, एवढंच होतं. भिजलेल्या पाठीत मधेच कोरडा डाग राहिला तर तिथे दाब पडतोय किंवा सॅडल टेकतच नाही. घोडा घामानं खरं सांगतो आणि त्याला बजेट विचारता येत नाही, म्हणून आपण त्याला टाळलंत. जिथे रोज दाब पडतो तिथे पुढे पांढरे केस उगवतात. रंग लावून ते झाकता येतील का, हे आपण एकदा पाहावं.

रंगावरून आठवलं. आपण सॅडलला बुटाचं काळं पॉलिश लावलं होतं आणि त्यावर, वासावरून सांगते, खोबरेल तेल. पावसाळ्यात पुण्यात चामड्यावर बुरशी येते हे आम्ही समजू शकतो. लेकीच्या पांढऱ्या ब्रीचेसवर मात्र सॅडलचा नकाशा उमटला आहे. तो धुऊनही जात नाही, त्यामुळे आपली आठवण घरात कायम राहील.

पस्तीस हजारांचं म्हणाल तर ते सुखरूप आहेत. बाविसात एक जुनी कानपुरी जंपिंग सॅडल मिळाली, अंगावर ओरखडे, ट्री शाबूत. मालकांनी स्वतःच घोडा आणायला सांगितलं. उरलेले पैसे गाद्यांत नवी लोकर भरायला आणि तंगाचे पट्टे बदलायला गेले. तो सौदा अगदीच बेचव झाला, कुणी काही लपवलंच नाही.

कळावे, लोभ आहेच, तो आवरावा ही विनंती.

आपली कृपाभिलाषी,
एका घोडेस्वाराची आई

ता. क. – काल आपली नवी जाहिरात पाहिली. आम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट आपण मनावर घेतलीत याचा आनंद आहे. आता ती ‘ड्रेसाज सॅडल’ आहे, ‘व्हिंटेज’ आहे, ‘कानपूर हेरिटेज’ही आहे आणि किंमत दहा हजारांनी वाढली आहे. ‘विशेष वैशिष्ट्य’ या सदराखाली ‘लवचीक ट्री’ असं लिहिलेलं वाचून मामांनी आपल्याला खास सलाम सांगितला आहे.