हाथ मत लगाना

जबलपूरच्या मराठी घरात मुलगा दुपारभर लॅपटॉपपुढे बसून नुसतं डिलीट करत असला, की आईबाबांना त्याच्या नोकरीची काळजी लागते. मी आमच्या लायब्ररीतून झेडलिब काढत होतो. झां-लू गेली आणि मार्क अ‍ॅडलर यांनी लिहिलेलं, फाइली दाबून लहान करणारं हे फुकटचं सॉफ्टवेअर. कधीकाळी कोणीतरी त्याची अख्खी प्रत उचलून आमच्या कोडमध्ये आणून ठेवली होती. तीही १.१.३!

जाणकारांच्या कपाळाला इथे आठी पडेल. या व्हर्जनमध्ये एकदा सोडलेली मेमरी पुन्हा सोडली जायची. मुद्दाम बिघडवलेली फाइल दिली की प्रोग्राम आडवा. मार्च २००२मध्ये १.१.४ आलं, दोष मिटला. पण ज्यांनी प्रत पोटात घेतली होती, त्यांना कोण सांगणार?

आतली प्रत काढून झेडलिब बाहेरून घ्यायचं, हे बाबांना पटेना. ते व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त. "शक्तिमान ट्रक मुळात जर्मन 'मॅन'चा. आपण परवाना घेतला नि इथे बनवला. आणि तू घरातलं काढून बाहेरून मागवतोस?"

"बाबा, तुमच्याकडे ट्रक दुरुस्त करणारी माणसं होती. आमच्याकडे नुसता ट्रक आहे."

"मग माणूस ठेवा," बाबा म्हणाले. हे वाक्य आमच्या मॅनेजरने ऐकायला हवं होतं.

मूळ १.१.३ शेजारी ठेवून आमची प्रत ताडून पाहिली, तर एका फाइलीत एक ओळ जास्त. बफरचा आकार दुप्पट करणारी. वर रोमन लिपीत कॉमेंट: 'हाथ मत लगाना'. ना नाव, ना कारण. ओळ काढली तरी सगळ्या टेस्ट पास! तरी मन मानेना. शोध घेत घेत लिहिणाऱ्याला बेंगळुरूला फोन लावला. तो हसत सुटला. "अरे भैया, वो अभी तक है?"

तर आता झेडलिब बाहेरून येतं, ज्याच्या मशीनवर जे असेल ते. त्याचं डेव्हलपमेंट पॅकेज वेगळं टाकावं लागतं, नाहीतर हेडर फाइल सापडत नाही आणि बिल्ड तिथेच बसकण मारतं. रीडमीमध्ये हे ठळक लिहिलंय. म्हणजे ते गुपितच राहिलं. शिवाय मार्च २०१६मध्ये एका प्रोग्रामरने चिडून एनपीएम या कोडच्या ऑनलाइन कोठारातून आपलं लेफ्ट-पॅड काढून घेतलं होतं. जेमतेम अकरा ओळी, काम काय तर मजकुराच्या डावीकडे भर घालायची. तेवढ्यावर जगभरातली बिल्डं कोसळली. हा किस्सा मी बाबांपासून लपवून ठेवलाय.

काल इंदूरच्या ग्राहकाचा निरोप आला: "वो पुराना वाला ही भेज दो, उसमें सब था."