उरलेले ड्रॉप

आमच्याकडे कुणाचा मोतीबिंदू काढला की त्याचा फायदा एकट्या पेशंटला होत नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला दिसायला लागतं ते ठीकच. पण त्या डोळ्यासाठी दिलेले ड्रॉप थोडे उरतात आणि ते पुढं वर्षभर सगळ्या खानदानाला पुरतात.

आमची आत्या लातूरला असते. तिच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या मामांचं, ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले ड्रॉप दिले. पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, अशी उतरती भाजणी. आत्यानं कालनिर्णयवर एकादशी-चतुर्थीच्या बाजूला पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि सोहळा सुरू झाला. मामांना खाटेवर आडवं करायचं. आत्या बाटली धरून त्यांच्यावर वाकणार.

"वर बघा. वर म्हंजे पंख्याकडं. माझ्याकडं नका बघू."

"तूच मधी यायलीस."

पहिला थेंब भुवईवर, दुसरा मिशीत, तिसरा डोळ्यात. मग "एक ज्यादा असू द्या" म्हणून चौथा. डोळ्याच्या खाचेत मुळात एक अख्खा थेंबही मावत नाही. बाकीचा गालावरून उशीत जातो, नाहीतर नाकाकडच्या कोपऱ्यातल्या नळीतून घशात उतरतो. म्हणून डॉक्टर तो कोपरा मिनिटभर बोटानं दाबून धरायला सांगतात. आमच्याकडे कुणी दाबला नाही. मामा म्हणाले, "तोंड कडू पडलं." आत्याला तेवढंच पुरलं. डोळ्यात टाकलेलं जिभेला कळतंय म्हणजे औषध जहाल आहे!

पाच मिलिलीटरची दुसरी बाटली अर्धी उरली. उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्यावी असं खोक्यावर छापलेलं होतं, पण खोकं आत्यानं पहिल्याच दिवशी टाकून दिलं होतं. बाटलीवरही लाल रंगात ताकीद असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये म्हणून. ती इतक्या बारीक अक्षरात असते, की वाचायला डोळे ठणठणीत लागतात. आणि ज्याचे ठणठणीत आहेत तो ड्रॉपची बाटली कशाला वाचेल? बाटली फ्रिजच्या दारात, आलं-लसणाच्या पेस्टशेजारी स्थिरावली.

2023 च्या जुलैत डोळ्यांची साथ आली. आधी आळंदीकडच्या बातम्या आल्या, मग बघता बघता सगळं राज्य गॉगल लावून हिंडायला लागलं. अशी साथ आली की माणसाला तिचा बाप शोधायची घाई होते. 1969 साली घानात डोळे आले तेव्हा लोकांनी त्याचा संबंध चंद्रावर गेलेल्या अपोलोशी जोडला. 1971 मध्ये निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर साथ पसरली तेव्हा बंगालनं तिला 'जय बांगला' म्हटलं. आत्याचं मत असं, की ही पुण्याहून आली आणि लेकरांच्या मोबाइलमुळं वाढली.

लेकरं म्हणजे तिच्या वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी नीटवाली पोरं. लातूरच्या ट्यूशन एरियात तेव्हा बघण्यासारखं दृश्य होतं. अख्खी बॅच काळे गॉगल लावून भौतिकशास्त्र शिकतेय, आणि फळ्यावरचं कुणाला दिसत नाही म्हणून सरही खूश. आत्यानं पोरांना ओळीनं बसवून त्याच बाटलीचं टोक प्रत्येकाच्या पापणीला टेकवत सगळ्यांचं कल्याण केलं. ज्याचे डोळे अजून आलेच नव्हते त्यालाही 'आधीच घालून ठेव' म्हणून दोन थेंब. तोवर त्या बाटलीतून औषध कमी आणि शेजारच्याचा आजार जास्त जात असणार. एकानं अंग चोरत विचारलं, "आत्या, यात स्टेरॉइड हाय की."

"तू आधी नापास झालेलं केमिस्ट्री बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांचे डोळे पांढरेशुभ्र! आत्याची कीर्ती औसा रोडपर्यंत गेली.

या औषधाची खरी भानगड इथंच आहे. ते गुण देत नाही असं नाही. फार लवकर देतं. अशा साथी बहुतेक विषाणूच्या असतात आणि अँटिबायोटिक विषाणूला ढिम्म लागू पडत नाही. एक-दोन आठवड्यांत डोळा आपल्या आपण बरा होतो, फक्त त्याचं श्रेय बाटलीला जातं. आणि एका रात्रीत जी लाली उतरते ती स्टेरॉइडमुळं. लाली, सूज, चुरचुर हे सगळं शरीर स्वतः लढत असल्याचं लक्षण. गल्लीत मारामारी चालू असताना पोलिसांनाच घरी पाठवायचं आणि म्हणायचं, बघा, शिट्ट्या कशा थांबल्या, तसा हा प्रकार. विषाणू आत आरामात मुक्काम वाढवतो.

मोतीबिंदूनंतर तेच औषध अमृत आहे, कारण तिथं लढाई मिटवायचीच असते आणि डॉक्टर दर भेटीत डोळा तपासत असतात. या औषधकुळाच्या शोधाला 1950 साली नोबेल मिळालं ते उगाच नाही. पण हेच ड्रॉप महिनोन्‌महिने घालत राहिलं, तर काहींच्या डोळ्यातला दाब गुपचूप वाढतो. दुखत नाही, खुपत नाही. काचबिंदू कडेकडेनं नजर खात येतो. वर मोतीबिंदूही लवकर धरू शकतो. उन्हाळा लागला की डोळे खाजवणारी लेकरं आपल्याकडे घरोघर आहेत आणि त्यांच्या आयांना बाटलीचं नाव तोंडपाठ आहे. "मागल्या बारीला दिलेलं तेच द्या" म्हटलं की मेडिकलवाला देतो.

आणि एक गोष्ट थट्टेत न्यायची नाही. दिवाळीच्या आगंमागं आमच्याकडं सोयाबीनची रास होते. मळणीयंत्रासमोर उभ्या माणसाच्या डोळ्यात भुसकट उडतं, बुबुळाला ओरखडा जातो आणि त्यावर बुरशी धरू शकते. अशा डोळ्यात स्टेरॉइड पडलं तर दोन दिवस बरं वाटतं आणि नंतर बुबुळावर पांढरा डाग दिसतो. मग दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

बाटलीचा पुढचा प्रवास नांदेडला झाला. पावसाळ्यात आमच्या काकांचा कान ठणकायला लागला. लसूण घालून कडवलेलं तेल झालं, मोटारसायकलच्या किल्लीनं कान कोरून झाला, तरी उतार नाही. आत्याला फोन गेला. तिनं बाटली बर्फाच्या थर्मासात घालून नांदेडच्या एसटीत बसणाऱ्या भाच्याच्या हवाली केली. चाकूर, अहमदपूर, लोहा करत ती नांदेडात उतरली ती हिमालयातून आल्यासारखी गार. काकूनं तशीच कानात सोडली.

काका ताडकन उठले आणि परत आडवे झाले. "अगं, भिंत फिरायली!"

"औषध लागू पडायलंय. गप पडा."

कानात गार थेंब गेला की तोल सांभाळणाऱ्या आतल्या नळ्यांतलं पाणी हलतं आणि घर गरागरा फिरतं. कानाचे डॉक्टर तपासणीसाठी मुद्दाम गार-कोमट पाणी सोडून हाच खेळ करतात. म्हणून बाटली आधी मिनिट-दोन मिनिटं मुठीत धरायची असते. काकूला हे कोण सांगणार? काका पंख्यालाच धरायला निघाले होते.

डॉक्टर लेनमध्ये कानाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं. बुरशी! पावसाळी दमटपणात कानात ती धरते, आणि अँटिबायोटिक-स्टेरॉइडच्या थेंबांनी तिची आणखी चंगळ होते. त्यांनी मशीननं कान साफ केला, बुरशीचं औषध लिहिलं आणि सांगितलं, की पडद्याला भोक असेल तर काही ड्रॉप आतल्या कानाला इजा करतात, ऐकू येणं जाऊ शकतं.

"यांना तसंबी कुठं ऐकू येतंय," काकू म्हणाली.

भावाला बघायला आलेली आत्या तिथंच बसली होती. तिनं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उजेडात धरली.

"मावशी, ही उघडून किती दिवस झाले?"

"ह्यांचं ऑपरेशन झालं तवाची."

"ते कधी झालं?"

"नातवाचं जावळ काढलं त्याच्या आधी."

"फेकून द्या."

"पैशे मोजून आणलेली हाय की!" आत्या जरा वेळ गप्प बसली. मग खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाली, "बरं, माणसाला नको म्हणता ना? गावाकडं आमची एक म्हैस हाय. तिच्या डाव्या डोळ्यातून लई पाणी यायलंय."

डॉक्टरांनी हात पुढं केला. "ती बाटली इकडं द्या."