गचक्याच्या कारागिरास खुले पत्र

रा. रा. डिकोडर-तज्ज्ञ यांस,


माझ्या पुतण्याच्या छोट्या रेल्वेतल्या शंटिंग इंजिनात आपण डिकोडर बसवून दिलात, पैसे मोजून घेतलेत आणि वर एक वाक्य फुकट दिलंत: "हे इंजिन असंच चालणार, हळू चालवायचं असेल तर दुसरं घ्या." सोल्डरिंगबद्दल माझी तक्रार नाही. तारा नीट जोडल्यात, उघड्या टोकांवर स्लीव्ह चढवली आहे, झाकणही दाबून बसवावं लागत नाही. तक्रार त्या वाक्याची आहे, आणि ते वाक्य खरं वाटावं असं जे आपण डिकोडरच्या पोटात करून ठेवलंत त्याची. पत्र खुलं अशासाठी की ते वाक्य ऐकून इंजिन खोक्यात परत घातलेला मुलगा एकटा माझा पुतण्या नसणार.

आपण टेबलावर चाचणी घेतली तेव्हा थ्रॉटल फिरवल्याबरोबर इंजिन पळालं आणि आपण "बघा, एका झटक्यात!" म्हणालात. झटकाच होता तो. घरी रुळावर ठेवून १२८ पायऱ्यांच्या थ्रॉटलवर पहिली पायरी दिली, तर नवशिक्याने क्लच सोडल्यासारखं इंजिन पुढे उसळलं, वाघिणींवर आदळलं, आणि पहिल्या वाघिणीची मागची चाकं रुळावरून घसरली. पट्टी ठेवून वेग मोजला. पहिल्याच पायरीला सेकंदाला वीस सेंटिमीटर. एचओ म्हणजे १:८७ प्रमाण. हिशेब करा, खऱ्या रुळावर हा वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर जातो. यार्डात शंटिंग करणारं इंजिन जागेवरून हलतं तेच साठच्या वेगाने, आणि आपल्याला त्यात काही वावगं दिसत नाही!

आपल्या रेल्वेत शंटिंगची सर्वसाधारण मर्यादा ताशी १५ किलोमीटर आहे. एचओत ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास येते. एक मीटर रूळ ओलांडायला इंजिनाने एकवीस सेकंद घ्यायला हवेत. डब्यांना जोडताना तर त्याहून कितीतरी हळू, माणूस चालतो तेवढ्याच वेगाने. म्हणजे सेकंदाला सव्वा सेंटिमीटर. कर्जतला कधी उतरला असाल. पुण्याकडच्या गाड्यांना भोर घाटाचा १:३७ चढ चढवायला मागून बँकर लावतात, ती इंजिनं शेवटच्या डब्याकडे कशी येतात ते पाहिलं असेल. पाहिलं नसेल तर डिकोडरला हात लावण्याआधी एक दुपार तिथे घालवा. शेकडो टनांचं धूड पावलापावलाने सरकत येतं आणि डब्याला टेकतं. छोट्या रेल्वेचा सगळा जीव त्या सरकण्यात आहे. गोल रुळावर भरधाव फिरणारी गाडी खेळण्यांच्या दुकानातही मिळते; डिकोडरसाठी पैसे मोजतात ते ती हळू चालावी म्हणून.

आता आपल्या कर्तबगारीकडे वळू. इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ठेवून मी एकेक सीव्ही, म्हणजे डिकोडरच्या सेटिंगचं एकेक घर, वाचून घेतला. या वाचनाची गंमत आपल्याला ठाऊक असेलच: कमांड स्टेशन विचारतं, आणि उत्तर "हो" असेल तर डिकोडर मोटरमधून सुमारे सहा मिलिसेकंद निदान ६० मिलिअँपिअरचा ठोका देतो. रुळावर इंजिन कणभर थरथरतं. असं थरथरत थरथरत त्याने आपला सगळा कारभार मला सांगितला.

सीव्ही २९ मध्ये ५४ निघाले. ५४ म्हणजे ३२ अधिक १६ अधिक ४ अधिक २. बत्तीस लांब पत्त्याचे, दोन २८-१२८ पायऱ्यांचे, ते ठीक. सोळा कशाचे? वेगतक्त्याचे. एनएमआरए या छोट्या रेल्वेच्या संघटनेच्या मानकाप्रमाणे हा सोळाचा बिट चालू असला की डिकोडर सीव्ही २, ५ आणि ६, म्हणजे सुरुवातीचा, कमाल आणि मधला वेग, यांकडे बघत नाही, ६७ ते ९४ या अठ्ठावीस घरांतला तक्ता पाळतो. त्या तक्त्याच्या पहिल्याच घरात, सीव्ही ६७ मध्ये, आपण ७० भरलेत. पोरगं बिचारं फोनवर विचारतंय, आपण सांगताय "सीव्ही २ कमी कर", ते कमी करतंय, आणि काहीही फरक पडत नाही. कारण ज्या घरात ते आकडा लिहितंय ते घर आपणच बंद करून ठेवलंय. मग निष्कर्ष काय, तर इंजिन वाईट. नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच.

पुढे सीव्ही ६५. थांबलेली मोटर हलवायला सुरुवातीला जो जादा धक्का द्यायचा, त्याचा हा आकडा. जुन्या, घट्ट, जड मोटरला थोडासा लागतोही. आपण तो तीन आकडी करून ठेवलात. म्हणजे आधीच सत्तर, वर हा धक्का. टेबलावरचं "एका झटक्यात" कुठून आलं ते कळलं.

पण याहून जास्त राग मला आला तो बॅक ईएमएफ बंद केलेलं पाहून. हळू चालण्याचं मर्म तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डीसीसीत, म्हणजे डिकोडरच्या या डिजिटल पद्धतीत, रुळांवर पूर्ण व्होल्टेज कायम असतं, आणि मोटरला किती द्यायचं ते डिकोडर ठरवतो. तो वीज सलग देत नाही, बारीक बारीक ठोक्यांनी देतो. मधूनच क्षणभर हात आखडता घेतो. त्या क्षणात फिरत राहिलेली मोटर स्वतः जनित्र होते आणि उलट व्होल्टेज देते. ते मोजलं की मोटर खरोखर किती वेगाने फिरते आहे ते डिकोडरला कळतं. कमी पडली तर पुढचा ठोका रुंद, जास्त झाली तर अरुंद. सांध्यावर चाक अडखळलं, चढ लागला, मागे दोन वाघिणी वाढल्या, तरी वेग तोच राहतो. तीन खांबी मोटर मंद फिरताना प्रत्येक खांबापाशी अडते, तो अडथळाही यानेच पुसला जातो. ही सोय आपण बंद केलीत, कारण ती चालू असताना इंजिन थरथरत होतं. बरोबर ना? थरथरणारच. नियंत्रणाचे आकडे त्या मोटरला जुळवले नव्हते. एक आकडा चूक दिसल्याबरोबर किती जोराने दुरुस्ती करायची ते सांगतो, दुसरा चूक साचत गेली तर किती भर घालायची ते. पहिला फार मोठा झाला की इंजिन कुडकुडतं, फार लहान झाला की चढावर मान टाकतं. झिमो कंपनीच्या डिकोडरमध्ये हे दोन्ही सीव्ही ५६ मध्ये असतात, दशकात एक आणि एककात दुसरा, ५५ म्हणजे मध्यम. तिथून एकेका अंकाने मागेपुढे जायचं. ईएसयूच्या नव्या डिकोडरना तर सीव्ही ५४ मध्ये शून्य लिहून मोकळ्या, सरळ रुळावर एफ १ दाबलं की इंजिन क्षणभर पूर्ण वेगाने धावतं आणि आकडे स्वतःच ठरवून घेतं. एवढं सोपं करून दिलंय लोकांनी, आणि आपण वायर कापावी तशी ती सोय कापून टाकलीत.

फोनवर आपला आणखी एक सल्ला होता: "सीव्ही ३ वाढव, गचका जाईल." जात नाही. मानकाच्या हिशेबाने सीव्ही ३ चा आकडा गुणिले ०.८९६, एवढे सेकंद इंजिनाला थांबल्यापासून पूर्ण वेगापर्यंत लागतात. वीस लिहिले तर साधारण अठरा. यात पायरीपायरीमधला वेळ वाढतो. पहिल्या पायरीचं व्होल्टेज तेवढंच राहतं. म्हणजे गचका जसाच्या तसा, वर वेग धरायला उशीर. म्हणून सेटिंग करताना सीव्ही ३ आणि वेग उतरवण्याचा सीव्ही ४ आधी शून्यावर आणायचे असतात, म्हणजे खरं दुखणं झाकलं जात नाही. सगळं जमल्यावर मग चवीपुरतं वाढवायचं.

आणि हे सगळं करण्याआधी इंजिन उलटं करून बघायचं असतं, तेही आपण केलं नाहीत. मागच्या चाकातून वीज घेणारी पितळी पट्टी चाकाला टेकतच नव्हती. चाकांवर काळा थर तसाच होता. रुळावर कापड पसरून त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून इंजिन फिरवलं, तर कापडावर काजळाच्या रेघा उठल्या. ज्या इंजिनाला वीजच तुटक मिळते त्याचे कुठलेही आकडे काय कामाचे?

आपल्याला हे कळत नाही असं मी म्हणत नाही. कळतं, हातही चांगला आहे, म्हणूनच हे लिहितो आहे. आपण पाट्या टाकल्यात. प्रत्येक इंजिनाला अर्धा-पाऊण तास लागतो, तो द्यायचा नव्हता. पण मग "मला वेळ नाही" म्हणायचं होतं. "इंजिनच असं आहे" कशाला म्हणालात? तेरा वर्षांचा मुलगा. कोथरूडच्या भाऊ जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात काचेला नाक लावून उभा राहिलेला, तिथून हे वेड घेऊन आलेला. त्याने पैसे साठवून इंजिन घेतलं, आणि जाणत्या माणसाने सांगितलं म्हणून ते वाईट आहे असं मानून बसला. बिघडलेला सीव्ही दुरुस्त होतो. मुलाच्या मनातलं हे "आपलं इंजिन वाईट" काढायला फार वेळ लागला.

दुरुस्ती आता झाली आहे आणि ती त्यानेच केली. चाकं पुसली, पट्टी वाकवून टेकवली. इंजिन मोकळंच अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे फिरवलं. सीव्ही २९ मध्ये ५४ चे ३४ केले: सोळा वजा, म्हणजे तक्ता बंद, आणि चार वजा, म्हणजे साध्या डीसीवर चालण्याची मुभा बंद, कारण डीसीसीचा सिग्नल हरवला की ती मुभा असलेलं इंजिन कधी कधी सुसाट सुटतं. सीव्ही ६५ शून्य. बॅक ईएमएफ चालू, आकडे कुडकुडणं थांबेपर्यंत खाली आणले. सीव्ही २ एकेकाने वाढवत नेला, ४ वर चाकं हलली, तिथेच ठेवला. सीव्ही ५ सुमारे दीडशेवर, ६ पंचावन्नवर, म्हणजे नॉबचा पहिला अर्धा फेरा मंद वेगालाच राहील. शंटिंग इंजिनाला सुसाट पळून जायचंय कुठे?

आता पहिल्या पायरीला ते एक मीटर जायला एका मिनिटाच्या आसपास घेतं. सांध्यावरून जाताना थबकत नाही. कपलिंगला टेकतं तेव्हा वाघीण अर्धा मिलिमीटरही मागे सरत नाही, फक्त खटका पडतो.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. आपण ज्यांची ज्यांची इंजिनं करून दिलीत त्यांना निरोप धाडा आणि प्रत्येकाचा सीव्ही २९ वाचा; सोळाचा बिट चालू असेल आणि तक्ता आपण ठरवून भरलेला नसेल, तर तो फुकट दुरुस्त करून द्या. यापुढे इंजिनासोबत एका चिठ्ठीवर बदललेले सगळे सीव्ही लिहून द्या, मूळ आकड्यांसकट. आणि माझ्या पुतण्याला फोन करून सांगा की त्याचं इंजिन चांगलं आहे. ते त्याने आपल्याच तोंडून ऐकायला हवं.

कळावे,
एक रेल्वेवेडा काका

ता. क. आपल्या दुकानातल्या काचेच्या कपाटात वाफेचं जे इंजिन चालवून दाखवता, तेही सुटताना उसळतं. त्याचाही सीव्ही ६५ एकदा वाचा.