चार मीटरच्या आतला तोरा

माझी मागणी साधी होती. गाडी उंच हवी. जळगावात मंगल कार्यालयाच्या फाटकावरचा वॉचमन उंच गाडी दिसली की लगबगीने दोरी सोडतो, आणि बुटकी दिसली की शिट्टी फुंकून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटकडे बोट दाखवतो. आमची हॅचबॅक आजवरची सगळी लग्नं त्या प्लॉटमधल्या बाभळीखाली जेवलेली आहे, आणि साडूची एसयूव्ही मांडवाच्या कनातीला खेटून. नवी घेण्याची ऐपत नाही, जुनीपुरती हौस आहे. तर जुनी.

ही छोटी एसयूव्ही म्हणजे तसं करखात्याचं अपत्य. 2006 च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचा अबकारी कर कमी झाला. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500. मग कंपन्यांनी पट्टी लावून शेपूट छाटलं, आणि लांबीत गेलेला तोरा उंचीत भरून काढला. तोंडवळा जीपचा, पण ओढतात बहुतेक पुढचीच दोन चाकं. बाहेरून भरदार, कागदोपत्री लहान. पाहताक्षणी मला ती आपली वाटली, यात नवल नाही.

मग मी अभ्यासाला बसलो. रात्री जागून व्हिडिओ पाहिले, वहीत मुद्दे उतरवले. बायकोने परीक्षा कधी आहे एवढंच विचारलं.

पहिला मुद्दा: गाडी आधी सुरू करून ठेवू नका, असं मालकाला बजावायचं आणि पोचल्याबरोबर बॉनेटवर तळवा ठेवायचा. गरम लागलं तर थंड इंजिनचं दुखणं दडवलंय असं समजायचं. हा नियम पुण्याच्या माणसाने केला असावा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा महिनाभर बंद पडलेल्या गाडीच्या बॉनेटवरही पापड भाजून निघेल. म्हणून मी डिसेंबरची सकाळ निवडली, सोबत मिस्तरी घेतला आणि यावल तालुक्यातल्या एका मळ्यावर पोचलो. मालक आबा केळीवाले. गाडी डिझेलची, एमएच-19. कंपनी कोणती ते सांगत नाही, तिचा यात काही संबंध नाही.

मी तळवा ठेवला. थंड. मग धूर. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, पांढरा येतच राहिला तर कूलंट इंजिनात शिरतंय. हे मी आबांना ऐकू जाईल अशा आवाजात मिस्तरीला सांगितलं. मिस्तरी बिचारा तीस वर्षं हेच काम करतो. त्याने मान हलवली. चालू इंजिनवर त्याने ऑइलचं झाकण सैल केलं. झाकण थडथड उडालं आणि आतून धूर फुसफुसला तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजून जळालेला वायू खाली ऑइलकडे येतोय, आणि खर्च पोरीच्या लग्नाएवढा. झाकणाच्या आत साय धरल्यासारखं दिसलं तर त्याहून वाईट, ऑइलमध्ये पाणी. तसं काही निघालं नाही. मला थोडं वाईटच वाटलं. वहीत त्यासाठी मोठी जागा सोडली होती.

क्लचने मात्र माझी लाज राखली. हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन गचका देऊन बंद पडलं तर क्लच शाबूत. हे इंजिन बराच वेळ घुमत राहिलं.

“प्लेट घासली,” मी जाहीर केलं.

“पोरगी याच गाडीवर शिकली,” आबा म्हणाले.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी फिरवली तर पुढच्या चाकातून टकटक: अ‍ॅक्सल. खड्ड्यात खडखड: लोअर आर्मचे बुश. आबा म्हणाले, रस्त्यापासून मळ्यापर्यंतची वाट तशीच आहे. टायरवरचे चार आकडे वाचले. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा; टायर म्हातारा. बॉनेटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे नव्हते, दारांची बीडिंग उचलून पाहिली तर खालचे वेल्डिंगचे ठिपके कंपनीचेच होते, म्हणजे ठोकाठोकी नाही. मीटरचा आकडा आणि पेडलच्या रबराची झीज यांचंही जुळत होतं. कागदावर बोजा नव्हता. वही भरली, आणि भाव पाडण्यासाठी मी घसा खाकरला.

“आधी खाऊन घ्या भो,” आबा म्हणाले. “गाडी कुठे पळते?”

आणि भरीत आलं. इथे मला थांबता येत नाही, माफ करा. भरिताचं वांगं जांभळं नसतं. ज्यांचं असतं त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. आमचं फिकट हिरवं, पांढरट झाक असलेलं, तळहातात न मावणारं. त्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं, म्हणजे सरकारला आमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. ते निवडायला वही लागत नाही. आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड म्हणजे बिया. भाजायचं ते तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर. गॅसवर भाजलेल्याला भाजी म्हणावं. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण घालून ठेचायचं, वर शेंगदाणे, कांद्याची पात आणि हात आखडू नये इतकं तेल. सोबत कळण्याची भाकरी. डिसेंबरात जळगाव जिल्ह्यातली निम्मी माणसं कुणाच्या तरी मळ्यावर हेच करत असतात, आणि उरलेली निम्मी बोलावणं का आलं नाही म्हणून रुसलेली असतात. मी तीनदा वाढून घेतलं. मिस्तरीने मोजलं नाही, कारण तोही त्याच कामात होता.

हात धुताना मळ्याकडे पाहिलं. अर्धी बाग मोकळी. जूनच्या वादळात कापणीला आलेले खांब घडांसकट आडवे झाले, आबांनी सांगितलं, हवापाण्याचं बोलावं तसं. पोरगी इंजिनीअरिंगला. गाडी का विकायची, ते मला विचारावं लागलं नाही. वहीतला एकेक दोष आता वेगळाच वाचता येत होता. क्लच म्हणजे पोरीची शिकवणी, बुश म्हणजे मळ्याची वाट. या घराच्या वापराच्या खुणा मी दर लावून वजा करायला निघालो होतो. मी वही मिटली आणि म्हटलं, “आबा, तुम्ही सांगाल ते.”

आबांचा चेहरा पहिल्यांदा कडक झाला.

“भाव गाडीचा करा. केळीचा नको.”

मग केला. क्लच, अ‍ॅक्सल, बुश, टायर, मिस्तरीने एकेकाचा खर्च सांगितला, आबांनी एकेक मान्य केला. शेवटी स्वतःहून म्हणाले, “एसीचे दोन हजार अजून कमी करा. आता थंडीत तुमाले कळणार नाही, उन्हाळ्यात थंडावा पुरत नाही.” एसी मी तपासलाच नव्हता. तरी तो मुद्दा वहीत होताच, अशा थाटात मी मान डोलावली.

साडूने फोनवर पहिला प्रश्न विचारला, किती पाडले? भरपूर, मी म्हटलं. आकडा काही सांगितला नाही. त्यात भरीत धरायचं की नाही, ते अजून ठरायचंय.