घासायचं नाही!

काकांनी परवा पहिलीतल्या एका पोराला रडवलं. पोराचा गुन्हा एवढाच, की समोरच्या रीडेव्हलपमेंटची धूळ बसलेल्या काळ्या बॉनेटवर त्यानं बोटानं स्वतःचं नाव लिहिलं. नाव दोनच अक्षरी, काना-मात्रासुद्धा नाही. पण काकांनी त्याला पार्किंगमध्येच उभं करून फ्रीडरिश मोस नावाच्या जर्मन माणसाची गोष्ट सुनावली. या मोससाहेबांनी 1812 साली खनिजांना कठीणपणाचे गुण वाटले. शंखजिऱ्याला एक, हिऱ्याला दहा, क्वार्ट्झला सात. "धुळीत क्वार्ट्झ असतं, बाळा. चाकूच्या पात्यापेक्षा कठीण! तू बोटानं नाही लिहिलंस, पटाशीनं लिहिलंस."

पटाशी म्हणजे काय हे न कळल्यामुळे पोरानं भोकाड पसरलं. आई धावत खाली आली. तिनं ओढणीनं आधी पोराचे डोळे पुसले आणि प्रकरण मिटवावं म्हणून त्याच ओढणीनं बॉनेटही पुसायला गेली.

"घासायचं नाही!!"

वॉचमन हातातला चहा तिथेच टाकून धावत आला.

कोथरूडच्या त्या सोसायटीत काकांचं खरं नाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. बाकी सगळे त्यांना 'दोन बादल्या' म्हणतात. बँकेत असताना त्यांनी कुणाला सहज कर्ज मंजूर केल्याची आठवण नाही. तीच नजर निवृत्तीनंतर रंगावर स्थिरावली. मोटारीचा रंग म्हणजे प्रायमर, त्यावर मूळ रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. सगळं मिळून जाडी साधारण 100 ते 130 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट जेमतेम 40-50, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसाहूनही बारीक. "आणि तुम्ही त्याच्यावर फडकं फिरवता!" हे वाक्य काका ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात लोक पूर्वी 'आणि तुम्ही कुळाचार सोडलात!' म्हणत.

रविवारी सकाळी साडेसहाला काका खाली उतरतात. पहिल्यांदा आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा बॉनेटला उलटा हात लावून पाहतात. पत्रा तापलेला असेल तर धुणं रद्द, कारण तापल्या पत्र्यावर शाम्पू धुण्याआधीच वाळतो आणि डाग पाडतो. थंड असेल तर आधी नुसतं पाणी, वरून, हात न लावता. सुटी धूळ आपल्या पायांनी खाली गेली पाहिजे, असा दंडक आहे. मग त्या सुप्रसिद्ध बादल्या. एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी. मऊ लोकरी हातमोजा शाम्पूत बुडवायचा, टपावरून सरळ रेषेत एक पट्टा ओढायचा, मोजा साध्या पाण्यात खंगाळायचा, आणि मगच त्याला पुन्हा शाम्पूचं दर्शन. साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी एक जाळी असते. खाली बसलेली कच तिच्यामुळे पुन्हा वर येत नाही. बाजारात अशी जाळी मिळते, पण काकांनी काकूंची मेथी निथळायची चाळण कापून ती घरीच घडवली. काकू तेव्हापासून मेथी पंच्यावर निथळतात आणि हा विषय निघाला की स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजतात.

खरं म्हणजे बादल्या तीन आहेत. तिसरी चाकांची. चाकांवर ब्रेकची लोखंडी भुकटी असते, म्हणून तिचं फडकं वेगळं, ब्रश वेगळा, ठेवायचा कोनाडाही वेगळा. सोसायटीनं टोपणनाव देताना तिला वगळलं, याचं काकांना वाईट वाटतं.

शेवटचा विधी टिपण्याचा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार फार. थेंब जागेवर वाळला की पांढरी टिकली कायमची मुक्कामाला. म्हणून भलामोठा मायक्रोफायबर टॉवेल ओल्या टपावर अंथरायचा, तळव्यानं हलकेच थोपटायचा आणि उचलायचा. इकडून तिकडे फिरवायचा नाही. घासायचं नाही.

हे पार्किंगपुरतं राहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण ते सलूनमध्ये गेलं, तिथे न्हाव्यानं मानेवर नॅपकिन फिरवताच काकांनी त्याचा हात धरला. चष्म्याच्या दुकानात काच पुसणाऱ्या मुलीला त्यांनी आधी फुंकर आणि मग कापड हा क्रम समजावला (यात ते बरोबर होते, आणि असे लोक बरोबर असतात तेव्हाच जास्त छळतात). भाचीच्या लग्नात व्याह्यांच्या रेशमी सोवळ्यावर अळूचं फदफदं सांडलं तेव्हा पंगतीच्या त्या टोकाहून आरोळी आली आणि व्याही हातातला रुमाल तसाच धरून पुतळा झाले. डेंटिस्टनं "ब्रश जोरात घासता तुम्ही, हिरड्या मागे सरकल्यात" असं सांगितलं, त्या दिवशी काका फी न कुरकुरता देऊन आले. ते रागावतील अशी काकूंची अपेक्षा होती. ते उलट एक साथीदार मिळाल्याच्या आनंदात होते. स्वतःच्या दातांची मात्र त्यांनी इतकी वर्षं मोटारीइतकी काळजी का घेतली नाही, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानच्या बाजूनं अरबी समुद्र ओलांडून धुळीचं वादळ मुंबईवर आणि आसपासच्या भागावर आलं. दादरच्या साडूंनी सकाळीच फोन केला, गाडीवर पांढरी पूड बसलीय म्हणाले. काकांचा पहिला प्रश्न तब्येतीचा नव्हता. "हात लावलात का?" साडूंनी गाडी आधीच झटकली होती. सिग्नलवर विकतात त्या मेणकट, लाल झिपऱ्यांच्या झटकणीनं. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सीमेपलीकडून आलेली धूळ, आणि तुम्ही ती स्वतःच्या हातानं घासलीत."

त्यांचा हा छंद पाण्याची नासाडी आहे, असा आरोप सोसायटीच्या सभेत एकदा झाला. 2024 च्या मार्चमध्ये बेंगळुरूत पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड लागला, तेव्हा ते कात्रण कुणीतरी मुद्दाम नोटीस बोर्डावर लावलं. काकांनी ते वाचलं, आणि पुढच्या सभेत पाइप लावून गाडी धुणाऱ्या तिघांची नावं मिनिटांच्या हिशेबासकट वाचून दाखवली. नळी सोडून फोनवर बोलत बसणाऱ्याच्या एका गाडीच्या पाण्यात काकांच्या चार-पाच गाड्या धुऊन होतात. शिवाय टंचाईच्या दिवसांसाठी त्यांच्याकडे एक औषध आहे. ते झाकणभर बादलीत टाकलं की कण गुळगुळीत होऊन फडक्यात शिरतात, वरून पाणी ओतावंच लागत नाही. अट एकच, फडकी आठ आणि प्रत्येक घडीला नवी बाजू. अध्यक्षांनी आभार मानून लिफ्टच्या विषयाकडे धाव घेतली.

पहाटे गाड्या पुसणारा मुलगा एका बादलीत अठरा गाड्या उरकतो. सहाव्या गाडीला पाण्याचा रंग कटिंग चहाचा होतो. काकांनी त्याला उत्तम प्रतीची फडकी भेट दिली. एकानं तो घाम पुसतो, बाकीची त्यानं गावी नेली. त्याचंही चुकत नाही. महिन्याला गाडीमागे मिळतात त्या पैशात त्यानं बादल्या बदलत बसावं म्हटलं तर बाराव्या गाडीपर्यंत दुपार होईल.

दसरा मात्र काकांच्या जिवावर येतो. मोटारीला झेंडूचा हार हवा, तो तारेत ओवलेला असतो. बॉनेटवर हळदीकुंकू हवं, कोरडं, वर अक्षता. बायकोसमोर क्वार्ट्झ चालत नाही. बरीच वर्षं दातओठ खाल्ल्यावर त्यांनी तोडगा काढला: बॉनेटवर विड्याचं पान ठेवायचं, पूजा पानाची करायची. हार दोऱ्यात ओवून घेतात, आणि तोही आरशांना बांधतात. देवाला पोचतं, असं काकूंनी मान्य केलंय. उदबत्ती ओवाळण्याची परिघमर्यादा अजून वाटाघाटीत आहे.

एवढं जपून ही गाडी जाते कुठे? फारशी कुठेच नाही. लक्ष्मी रोडला रिक्षा, लग्नाला रिक्षा, भाजीला पिशवी घेऊन पायी. रस्त्यावर इतर लोक असतात ना.

त्यांचा सर्वांत वाईट गुण म्हणजे टॉर्च. दिव्याखाली बॉनेटवर जी गोल गोल कोळिष्टकं दिसतात, ते चरे मुळात गोल नसतातच. सगळ्या दिशांना गेलेले असतात, प्रकाश फक्त आपल्याला आडवे जाणारे पकडतो. काका हे करून दाखवतात. नव्या गाडीचे पेढे द्यायला आलेल्या जोडप्याला त्यांनी खाली नेलं, टॉर्च तिरपा धरला आणि म्हणाले, "बघा, शोरूममध्येच घासलीय." त्या बाईनं पेढ्याचा पुडा परत नेला, असं सांगतात.

या माणसाच्या समोरच्याच खांबाला आप्पांची चंदेरी गाडी. आप्पा रोज सकाळी फाटका बनियन घेऊन यायचे आणि काका खाली असतील तेव्हाच, शीळ घालत, कोरड्या धुळीवरून गोल गोल फिरवायचे. काका पाठ फिरवून उभे राहत. आप्पा मुद्दाम विचारत, "काय हो, किती मायक्रॉन गेले?" वर्षानुवर्षं हा संवाद चालला आणि त्यापलीकडे दोघांत फारसं बोलणं झालं नाही.

गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. गाडी तशीच उभी राहिली. टायर बसले, कबुतरांनी काच रंगवली, पोरांनी धुळीत नावं लिहिली. पोरांना कुणी ओरडलं नाही.

दिवाळीनंतर आप्पांच्या पत्नीनं, माईंनी, गाडी विकायची ठरवली. त्या रविवारी काकांनी बादल्या समोरच्या खांबाशी नेऊन ठेवल्या. विष्ठेवर ओली फडकी ठेवून ती मऊ होईपर्यंत थांबले, कारण तिच्यात आम्ल असतं आणि ओरबाडलं तर रंगासकट निघते. तिन्ही बादल्या लागल्या. दारातल्या कप्प्यात तो बनियन मिळाला. फेकून द्यायचा मोह झाला नसेल असं नाही. पण काकांनी तो धुतला, वाळवला, घडी करून जागेवर ठेवला. घरी पॉलिशचं मशीन आहे, तासाभरात अर्धेअधिक चरे गेले असते. काकूंनी सुचवलंही. "क्लिअर कोट उगाच पातळ कशाला करायचा?" म्हणाले, आणि त्या चऱ्यांना हात लावला नाही.

गिऱ्हाईक चोखंदळ निघालं. टपावर वाकून म्हणालं, "काका, रंगावर चरे फार आहेत. पाच हजार कमी करा."

ज्यानं सबंध सोसायटीला टॉर्च लावून चरे दाखवले, तो माणूस गाडीपाशी गेला, चष्मा काढला, पुसला (आधी फुंकर, मग कापड), पुन्हा लावला आणि म्हणाला, "कुठे? मला तर काही दिसत नाही."

मग तासभर त्यांनी भावात अशी घासाघीस केली, की एरवीचे काका हेच का, असं माईंना वाटावं. गाडी उन्हात घेऊन बघतो, असं गिऱ्हाईक तीनदा म्हणालं. किल्ली काकांच्या खिशात होती, आणि पैसे मोजून होईपर्यंत ती तिथेच राहिली.