अक्षतांचे चौकोन

मंगलाष्टकं संपतात, ‘शुभमंगल सावधान’चा शेवटचा गजर होतो, आणि आमच्या भागातल्या कुठल्याही लग्नाच्या डिस्कमध्ये नेमके त्याच क्षणी नवरा-नवरी दिसेनासे होतात. आधी अंतरपाट दूर होतो, पाठोपाठ चित्रही दूर होतं. पडद्यावर नुसते चौकोन उरतात. काही पिवळे, काही लाल, काही शेरवानीच्या रंगाचे. दोन-तीन सेकंदांत अक्षता खाली बसतात, चौकोन विरतात, आणि हार घातलेली जोडी पुन्हा प्रकट होते. म्हणजे ज्या घटकेसाठी मांडव टाकला, आचारी ठरवला, घाटावरचे नि घाटाखालचे पाहुणे गोळा केले, तेवढी घटका डिस्कमध्ये नाही. बाकी सगळं आहे. बँडवाल्याची टोपी आहे, बुंदीची परात आहे, कॅमेरा आपल्याकडे वळलाय हे कळताच घास तोंडापाशी थांबवून बसलेले मामा आहेत.

याबद्दल लोक फोटोवाल्याला बोल लावतात. बिचाऱ्याचा दोष फार थोडा असतो. मुळात चलच्चित्र डिस्कवर बसवायची युक्तीच अशी आहे की सेकंदाला पंचवीस चित्रं पूर्ण लिहायची नाहीत. एक पूर्ण लिहायचं, आणि पुढच्या चित्रांत आधीच्यापेक्षा जे बदललं तेवढंच टिपायचं. गुरुजी स्वस्थ बसले असतील तर त्यांच्यावर काही खर्च नाही. मागची झालर हलत नाही, तिच्यावरही नाही. पण अक्षता, मग त्या तांदळाच्या असोत की ज्वारीच्या, प्रत्येक चित्रात नव्या जागी असतात. मागच्या चित्रात शोधावं तर एकही दाणा जुन्या जागी सापडत नाही. आणि खर्चाला हात तर आखडलेला. व्हीसीडी या जुन्या प्रकारच्या डिस्कमध्ये चित्रासाठी सेकंदाला साधारण साडेअकरा लाख बिट मिळायचे. तेच चित्र न दाबता लिहायचं तर याच्या पंचवीस पटींहून जास्त लागले असते. पडद्यावर नुसती झालर असो की अक्षतांचा वर्षाव, सेकंदाला साडेअकरा लाखच. अशा वेळी यंत्र बारकावे टाकून देतं आणि चौकोनाचा सरासरी रंग तेवढा ठेवतं.

हे चौकोन साधारण आठ ठिपके लांब आणि आठ ठिपके रुंद. त्यांच्यामागचं गणित आपल्याच देशातून गेलेल्या माणसाचं आहे, हे मला फार उशिरा समजलं आणि उगाचच अभिमान वाटला. बंगळूरचे नासिर अहमद. अमेरिकेत प्राध्यापक असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेकडे पैसे मागितले, आणि अर्ज नामंजूर झाला. मग टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी ते काम तसंच पुरं केलं; जानेवारी १९७४ मध्ये निबंध छापून आला. चित्राचा तुकडा ढोबळ छटांपासून बारीक छटांपर्यंत नमुन्यांच्या बेरजेत मांडायचा, म्हणजे डोळ्याला ज्यांची फारशी उणीव भासत नाही असे बारीक नमुने खुशाल सोडता येतात, अशी ती पद्धत. मोबाइलवरच्या ‘सुप्रभात’च्या गुलाबापासून लग्नाच्या डिस्कपर्यंत सगळीकडे तीच किंवा तिची भावंडं कामाला आहेत.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावात राहणाऱ्या माणसाला दाबणं म्हणजे काय हे वेगळं समजावावं लागत नाही. इथला कापूस नेण्यासाठी इंग्रजांनी १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. जिनात सरकी वेगळी होते, रुई प्रेसमध्ये जाते, आणि खोलीभर पसरली असती ती वस्तू साधारण एकशे सत्तर किलोंच्या आवळलेल्या गाठीत बसते. पण गिरणीत गाठीच्या पट्ट्या तोडल्या की रुई पुन्हा फुगते. धागा न् धागा जिथल्या तिथे. सिनेमा फुगत नाही. एकदा दाबला की जे गेलं ते गेलं, आणि दाबलेला पुन्हा दाबला तर त्यातलंही आणखी जातं. एरवी या गावात दाबण्याला वाईट नाव नव्हतं. ते या डिस्कवाल्यांनी आणलं.

आमच्या कपाटात अशा डिस्कांचा मोठा साठा आहे. व्हीसीडीच्या काळात एक सिनेमा दोन डिस्कांवर यायचा, लांबलचक असला तर तीन. मध्यंतर दिग्दर्शकाने कुठेही ठेवलेलं असो, घरातलं मध्यंतर पहिली डिस्क संपेल तिथे व्हायचं आणि ‘दुसरी सीडी कुठाय?’ हा संवाद मूळ पटकथेत नसूनही प्रत्येक सिनेमात असायचा. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा सिनेमा भाजीच्या पिशवीतून घरी येऊ लागला. त्याच्याही खालचा थर म्हणजे आठवडी बाजारात चटईवर मांडलेली, एका डिस्कवर पाच सिनेमे असलेली डीव्हीडी. ती कोणी काढली याची चौकशी कोणी करत नसे. त्या पाचांत खलनायक आवाजावरून ओळखायचा आणि नायिका गाण्यावरून. पावसाचं गाणं लागलं की सगळा पडदा फरशी बसवल्यासारखा दिसे, कारण पाऊस म्हणजे यंत्राच्या दृष्टीने न थांबणाऱ्या अक्षता.

आता हे सगळं एका हार्ड डिस्कवर घ्यायचं असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे हिने कपाट मागितलं. आणि लगेच पंथ पडले. पुण्यात नोकरी करणारा भाचा सनातनी निघाला. ‘मामा, एक बिटही सोडू नका. जशीच्या तशी उतरवा.’ हिचं म्हणणं, ‘अहो, जशीच्या तशीच ठेवायची तर कपाटात काय वाईट होती?’ नांदुऱ्याच्या मावशीने डोळ्यांवरचा चष्मा वर-खाली करून एक व्हीसीडी पाहिली आणि निकाल दिला, ‘काहून भांडता रे? चेहरा वळखू येते ना? मंग झालं!’ व्हिडिओ अभियांत्रिकीचा इतका आटोपशीर मापदंड मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

भाच्याची अडचण अशी की त्याचा टीव्ही फोर-के आहे. डीव्हीडीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांवर थोडे ठिपके. त्याच्या टीव्हीत ब्याऐंशी लाखांहून जास्त. हिशेब केला तर बरोबर वीसपट. म्हणजे डिस्कवरचा एक बिटही न सोडता त्याने सिनेमा लावला, तरी दर वीस ठिपक्यांमागचे एकोणीस टीव्ही स्वतःच्या मनाने रंगवणार. तो रंग मात्र भाच्याला अस्सल वाटतो, किंमत मोजली आहे म्हणून.

सिनेमा दाबून त्याची लहान फाइल करणारा, हँडब्रेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. त्यात दर्जा ठरवणारी एक पट्टी आहे, आणि पट्टीचा स्वभाव परीक्षेतल्या क्रमांकासारखा उलटा: आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीसाठी अठरा ते बावीसच्या दरम्यान राहा, असं तो प्रोग्राम बनवणारेच सांगतात. चित्र दाबायच्या एच. २६४ पद्धतीत सहा आकडे खाली आलं की फाइल साधारण दुप्पट होते, सहा वर गेलं की निम्मी. हे झालं शास्त्र. पुढचं रात्रपाळीचं काम. जुन्या संगणकावर एकेक सिनेमा तास न् तास दळत राहतो, पंखा घरघरतो, ‘नव्वद टक्के पूर्ण’ असं दिसतं, आणि त्या वेळी वीज जाते. वीज मंडळाशी याचा काही संबंध जोडता येत नाही, पण ती सत्तर टक्क्यांवर गेल्याचं मला आठवत नाही.

आकडा कसा निवडायचा? सगळे नायकाच्या चेहऱ्याकडे बघून निवडतात, आणि तिथेच चुकतं. चेहऱ्यावर उजेड असतो, तो चेहरा कुठल्याही आकड्याला बरा दिसतो. बघायचं ते अंधारात. कमी बिटांत काटकसर करताना यंत्र आधी अंधाऱ्या भागातल्या अंधुक बारकाव्यांना हात घालतं. तिथे डोळा फारसा जात नाही, असा त्याचा अंदाज. सिनेमात हा अंदाज बहुतेकदा खरा ठरतो. लग्नात ठरत नाही.

आमच्या एका डिस्कमध्ये मांडवाच्या डाव्या कोपऱ्यात, व्हिडिओच्या प्रखर दिव्याचा झोत जिथे पोचत नव्हता तिथे, लोखंडी घडीच्या खुर्चीवर आजी बसलेली आहे. लुगड्याचा पदर डोक्यावर, हातात न वापरलेला पंखा. सबंध विधीत ती एकदाच मान वळवते. मूळ डिस्कमध्ये तिची बोटं पंख्याच्या दांडीवर मोजता येतात. पट्टी बावीसवर नेली की बोटं जाऊन हात राहतो. अठ्ठावीसवर नेली की हात, पंखा आणि पदर मिळून एक करडा डाग. त्याच अठ्ठावीसवर पुढे नाचणाऱ्या पोरांच्या टी-शर्टवरची अक्षरं थोडी पुसट झाली तरी वाचता येत होती. यंत्राने त्यांच्यावर खर्च केला, कारण ती उजेडात, ठळक होती. कोण आपलं आणि कोण वरातीत आयत्या वेळी घुसलेलं, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, आणि सांगायला पट्टीही दिलेली नाही.

कमी जागेत मावण्याची सवय आमच्या जिल्ह्याला जुनी आहे. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गाऊन एचएमव्हीने तिची ध्वनिमुद्रिका काढली. मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रिकांची सुरुवात त्या गाण्यापासून धरतात. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटं. गाणाऱ्याला ताना आवराव्या लागत, वाजवणाऱ्याला हात आखडता घ्यावा लागे. पण काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे माणसांनी बसून, तालीम करून, आधी ठरवलेलं असे. म्हणून त्या तीन मिनिटांत काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. आमच्या डिस्कांच्या बाबतीत निवड मागाहून होते, आणि ती करणारा मांडवात नव्हता.

तरीही सनातनी पंथाला माझा पाठिंबा नाही. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा. त्याची एकही प्रत आज कुठे उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, तोवर पुष्कळ काही हातचं गेलेलं होतं. उद्या कोणी सांगितलं की मलकापूरच्या बाजारात, चटईवर, एकात पाच सिनेमांच्या डिस्कमध्ये चौथ्या नंबरला ‘आलम आरा’ आहे, चौकोनांसकट, मधून कोणीतरी उठून जाताना दिसतं असा, तर मुंबई-पुण्याचे जाणकार रात्रीच्या गाडीने येतील, आणि त्यातला एकही बिटरेट विचारणार नाही. जे मिळतच नाही त्याचा दर्जा कोणी काढत नाही. ज्या सिनेमाच्या हजारो प्रती आहेत तो मात्र एक गिगाबाइटमध्ये बसला काय आणि चारमध्ये बसला काय, जगाचं काही अडत नाही. (कुलूप घातलेल्या डिस्कची प्रत घरापुरती काढावी का, हा प्रश्न २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर वकिलांचा झालेला आहे. मी त्यात पडत नाही, तुम्हीही वकील नसाल तर बाजारात विकायला बसू नका म्हणजे झालं.)

मी शेवटी असं केलं. मारधाडीचे सिनेमे बावीसवर. ज्यांत अंधार आणि पाऊस फार आहे ते अठरावर. पाचांतले एक म्हणून आलेले होते तसेच ठेवले. त्यांच्यात आणखी पिळण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि लग्नाच्या डिस्कांना पट्टी लावलीच नाही. त्या मूळ फाइलींसकट जशाच्या तशा उतरवल्या, भाच्याच्या मताप्रमाणे. एका डिस्कला फार तर पावणेपाच गिगाबाइट लागतात, आणि आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने तेवढी जागा म्हणजे काहीच नाही.

यात एक गोष्ट लोक उलटी करतात म्हणून सांगतो. आधी सिनेमे उतरवतात आणि लग्न ‘सावकाशीने’ म्हणून ठेवतात. दुकानातून विकत घेतलेली सिनेमाची डिस्क कारखान्यात साच्यावर ठसा उठवून केलेली असते. नीट ठेवली तर ती पुष्कळ टिकते. लग्नाची डिस्क फोटो स्टुडिओत कोऱ्या डिस्कवर लेसरने लिहिलेली असते, आणि ते लिखाण एका सेंद्रिय रंगाच्या थरावर असतं. ऊन आणि उष्णता यांनी तो थर खराब होतो. सिनेमा दुसऱ्याकडेही मिळेल. तुमच्या मांडवातली आजी दुसऱ्या कोणाकडे नाही. तेव्हा कपाट उघडाल तेव्हा सोनेरी-जांभळी झाक असलेल्या, वर स्केच पेनने नावं लिहिलेल्या डिस्का आधी काढा, दोन ठिकाणी उतरवा, आणि मूळ डिस्क टाकून देऊ नका. घाटावर, जरा थंड अशा बुलढाण्या-चिखलीला राहत असाल तर थोडी सवड आहे. खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याच्या लोकांनी मात्र हे काम एप्रिल लागायच्या आत उरकावं.