क्षमा, कुरकुरीसकट

इंग्रजीत श्रद्धाळू ख्रिस्ती वाचकांसाठी ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांचा कारखानाच चालतो. घोडागाडी, दुरावलेला नायक, रुसलेली नायिका. शेवटून दुसऱ्या प्रकरणात प्रार्थना, शेवटच्यात क्षमा. आमच्या भातसानगरात दुपारी वीज गेली की अशी पुस्तकं बरी वाटतात. क्षमा इतकी ठरल्या वेळी येते, की पंचांगात मुहूर्त छापावा.

मराठीत अशी कथा शोधायला गेलं, तर बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (1857) भेटते. पण तिथे विधवांच्या दुःखांची एवढी गर्दी, की प्रेमाला उभं राहायला जागा नाही. आपली खरी प्रेमकथा म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. आणि ती घडलेली.

1895 साली त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला विश्वासात न घेता. कादंबरीतली नायिका मूर्च्छा येऊन पुढच्या पानावर क्षमा करून मोकळी झाली असती. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, रडल्या, चिडल्या. मग नांदायला गेल्या त्या आपली चूल वेगळी ठेवून! नवरा हवा, पण त्याच्या हातचं पाणी नको. ज्यांचे वडील सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेत, त्यांच्या लेकीला हे साजेसंच. जातीचा हिशेब स्वतः तपासून पाहिल्यावरच, 1900 साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक त्यानंतरही सुधारले नाहीत. हातातले पैसे दिसेल त्या गरजूला द्यायचे आणि घरी रिकामं यायचं, हा क्रम चालूच. बाईंनी त्यांना नेमकी क्षमा कुठे केली, ते पान पुस्तकात नाही. त्या नवऱ्याची फजिती रंगवून सांगतात, कुरकुरतात आणि हसतात. तेवढ्यात क्षमा होऊन गेलेली असते.

कुरकुर आम्हालाही येते. भातसा धरण आमच्या उशाशी, पाणी मुंबईच्या नळाला आणि उन्हाळ्यात शहापुरातल्या पाड्यांवर टँकरची वाट. दरवर्षी आम्ही बोटं मोडतो, दरवर्षी पाणी जातंच. याला मात्र क्षमा म्हणवत नाही, हा नाइलाज. क्षमेला 'नाही' म्हणायची सोय लागते. ती लक्ष्मीबाईंनी वेगळी चूल मांडून स्वतःच करून घेतली होती.

1919 साली टिळक गेले. त्यांच्या 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे जेमतेम अकरा अध्याय झाले होते. पुढचे 64 लक्ष्मीबाईंनी लिहिले. प्रेमकादंबरीच्या प्रकाशकाला हा शेवट चालायचा नाही: नायक हजर नाही, मिठी नाही आणि नायिका ओव्या रचत बसलेली.